बारीक टायपातली सूचना

दर वर्षी थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक जाहीर सूचना छापून येते. टाइप इतका बारीक की ज्येष्ठांना भिंगच हवं. वर वीज वितरण कंपनीचं नाव, मध्ये आकड्यांचे तक्ते, आणि अगदी शेवटी एक वाक्य: या प्रस्तावावर कोणाच्या हरकती वा सूचना असतील तर त्यांनी अमुक तारखेपर्यंत लेखी कळवाव्यात. आपण पान उलटतो आणि शब्दकोड्याकडे वळतो. पुढे एप्रिलात बिल वाढून आलं की मग घराघरांत, लिफ्टमध्ये, भिशीत आणि गणपतीच्या मीटिंगमध्ये हरकतींचा पाऊस पडतो. फक्त तो पडायला हवा तिथं पडत नाही.

मी शिकलो बी.ई., काम करतो सॉफ्टवेअरचं. वीज खात्याशी माझा संबंध बिल भरण्यापुरताच होता. आमच्या अपार्टमेंटच्या कमिटीत लिफ्ट आणि पाण्याच्या पंपांच्या बिलांचा हिशेब माझ्याकडे आला, आणि "हा दर ठरवतो कोण?" या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी त्या बारीक टायपातल्या सूचनेपर्यंत पोहोचलो. तेव्हापासून आयोगाचे आदेश वाचतो, जमेल तेव्हा सुनावणीला जाऊन बसतो. हैदराबादेत आपल्या कित्येक घरांना तीन-चार पिढ्या झाल्या. घर इथलं, मीटर इथलं, बिलही इथलंच. म्हणून आपल्या मंडळींसाठी हे सगळं मराठीत एकदा नीट मांडावं असं वाटलं.

आधी कसं चालायचं?

१९४८ च्या कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळं आली. दर कागदावर मंडळ ठरवायचं, पण खरा निर्णय सरकारच्या मनात असायचा. नवं वीज केंद्र कोणाकडून उभारायचं, वीज किती रुपयांनी घ्यायची, यातलं काही ग्राहकाला विचारण्याची पद्धतच नव्हती.

याची सर्वांत महागडी शिकवण महाराष्ट्राला मिळाली. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने दाभोळ प्रकल्पासाठी एन्रॉनच्या कंपनीशी वीज खरेदीचा करार केला. करारातल्या अटी लोकांपुढे नव्हत्या. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडेमोड करून दाखवलं की ही वीज मंडळाला परवडणारी नाही. १९९५ मध्ये सरकार बदललं, करार रद्द झाला, वाटाघाटी होऊन पुन्हा झाला, आणि २००१ मध्ये केंद्रच बंद पडलं. त्याच वर्षी माधव गोडबोले समितीने या व्यवहाराची झाडाझडती घेतली, पण तोवर पैसे गेले होते.

वीजदर राजकारणाच्या हातातून काढून एका स्वतंत्र आयोगाकडे द्यावेत, हा विचार याच दशकात पुढे आला. पहिला आयोग १९९६ मध्ये ओरिसात सुरू झाला. १९९८ मध्ये केंद्राने नियामक आयोगांचा कायदा केला आणि आंध्र प्रदेशनेही आपला स्वतंत्र सुधारणा कायदा केला. १९९९ पासून हैदराबादेत आयोगाचं काम सुरू झालं.

पण या शहरात तो बदल शांतपणे आला नाही. २००० साली दर वाढले आणि राज्यभर आंदोलन पेटलं. २८ ऑगस्ट २००० रोजी विधानसभेवर निघालेल्या मोर्चावर बशीरबागेत पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचे प्राण गेले. त्या चौकातल्या स्मारकाजवळून आपण आजही काचिगुडा, सुलतान बझारकडे जातो-येतो. वीजदराचा प्रश्न माणसांना किती जिव्हारी लागू शकतो, हे त्या दिवशी दिसलं. आयोग तेव्हा होता, सुनावणीही झाली होती. पण तिथं बोलून काही होतं, यावर विश्वास बसायला वेळ लागणार होता.

त्यानंतरच्या वर्षांत या राज्यात एक चिवट परंपरा तयार झाली. एम. वेणुगोपाल राव, एम. तिम्मा रेड्डी यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं कंपन्यांचे अर्ज ओळ न् ओळ वाचून लेखी हरकती देत आली आहेत. आयोगाचा कुठलाही जुना आदेश उघडा, हरकती देणाऱ्यांच्या यादीत ही नावं सापडतात. हे काम कोणी पगार देऊन करवून घेत नाही.

कायद्याने दिलेली खुर्ची

आज लागू असलेला कायदा २००३ चा. त्यातली तीन कलमं सामान्य ग्राहकाने लक्षात ठेवावीत अशी आहेत.

कलम ६४ सांगतं की वितरण कंपनीने दराचा अर्ज केला की त्याचा सारांश जाहीर करायलाच हवा, आणि लोकांकडून आलेल्या सर्व सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यायला हवा. कलम ८६ मध्ये आयोगाने आपला कारभार पारदर्शक ठेवावा असं बंधन आहे. आणि कलम ६५ म्हणतं, सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त किंवा फुकट वीज द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण त्याची रक्कम कंपनीला आगाऊ भरावी.

ग्राहकाचं म्हणणं ऐकणं ही मेहेरबानी की हक्क, हा वादही एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पश्चिम बंगालच्या प्रकरणात ऑक्टोबर २००२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की दर ठरवताना ग्राहकाला म्हणणं मांडण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. फक्त गोंधळ होऊ नये म्हणून सुनावणी कशी घ्यायची याचे नियम आयोग करू शकतो. म्हणजे त्या बारीक टायपातल्या शेवटच्या वाक्यामागे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उभा आहे.

प्रत्यक्ष क्रम असा. साधारण नोव्हेंबरअखेर कंपनी पुढच्या वर्षाचा खर्चाचा अंदाज आणि दराचा प्रस्ताव आयोगाकडे देते. सूचना छापून येते. हरकत लेखी द्यायची, एक प्रत कंपनीला आणि एक आयोगाला. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर तसं त्यातच लिहायचं. कंपनीला प्रत्येक हरकतीचं लेखी उत्तर द्यावं लागतं. मग सुनावणी होते आणि शेवटी आदेश निघतो.

सुनावणीचं वातावरण कोर्टापेक्षा बरंच मोकळं असतं. समोर आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य, एका बाजूला कंपनीचे अधिकारी फायलींच्या ढिगाऱ्यासह, आणि आपल्या बाजूला सगळा जिल्हा. उद्योग संघटनांचे सल्लागार येतात, रेल्वेचे अधिकारी येतात, कारण रेल्वेही वीज विकत घेते. जळालेला ट्रान्सफॉर्मर वेळेवर बदलून मिळत नाही म्हणून शेतकरी येतात. कोणी तेलुगूत बोलतं, कोणी इंग्रजीत. वकील लागत नाही, कोर्ट फी लागत नाही. मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे आदेशाची रचना. हरकत काय होती, कंपनीने काय उत्तर दिलं आणि आयोगाचं मत काय पडलं, हे तिन्ही एकाखाली एक छापलेलं असतं. आमच्या क्षेत्रात एखादी तक्रार नोंदवली की तिच्यावर कोणी काय केलं याचा माग राहतो, अगदी तसं. सरकारी कारभारात इतका स्वच्छ माग मी दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे.

बोलून फरक पडतो का?

हा प्रश्न मला सगळेच विचारतात. दोन उदाहरणं देतो.

पहिलं महाराष्ट्रातलं. नव्वदच्या दशकात वीज मंडळ आपली गळती पंधरा ते अठरा टक्क्यांच्या आसपास सांगत असे. शेतीपंपांना मीटर नव्हते, त्यामुळे हिशेबात न बसणारी वीज "शेतकऱ्याने वापरली" असं लिहिणं सोपं होतं. २००० च्या सुमारास नव्या आयोगापुढे दराची पहिली सुनावणी झाली तेव्हा अभ्यासकांनी आणि ग्राहक प्रतिनिधींनी नेमकं हेच आकडे उलगडून दाखवले. खरी गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचं समोर आलं. शेतकऱ्याच्या नावावर चोरी आणि गैरव्यवस्था खपवली जात होती. एकदा आकडा उघडा पडला की तो पुन्हा झाकता येत नाही.

दुसरं आपल्या तेलंगणातलं, अगदी अलीकडचं. २०२४-२५ साठी कंपन्यांनी दरवाढीतून सुमारे १,२०० कोटी रुपये जास्त मागितले होते. मोठ्या उद्योगांचे दर वाढवावेत आणि महिन्याला ३०० युनिटांपेक्षा जास्त वीज वापरणाऱ्या घरांचा स्थिर आकार किलोवॉटमागे १० रुपयांवरून ५० रुपये करावा, असा प्रस्ताव होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुनावण्या झाल्या, उद्योगांपासून घरगुती ग्राहकांपर्यंत अनेकांनी विरोध केला, आणि महिनाअखेरच्या आदेशात आयोगाने जेमतेम ३० कोटींची वाढ मान्य केली. केवळ हरकतींमुळे हे घडलं असं मी म्हणणार नाही. पण हरकतीच आल्या नसत्या, तर आयोगापुढे एकच बाजू राहिली असती.

त्याच आदेशात आणखी एक आकडा आहे: सरकारने भरायचं अनुदान, साडेअकरा हजार कोटींच्या आसपास. गृहज्योतीतले २०० युनिट आणि शेतीची मोफत वीज यांचा खर्च कोणी ना कोणी भरतोच. कलम ६५ मुळे तो निदान कागदावर येतो, आणि पैसे वेळेवर आले का, हे विचारायची सोय होते.

खरा निर्णय आधीच झालेला असतो

इतकं सांगून आता दुसरी बाजू मांडतो, कारण मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

वितरण कंपनीच्या शंभर रुपये खर्चातले साधारण पंचाहत्तर रुपये वीज खरेदीवर जातात. पगार, तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर हे सगळं उरलेल्यात. आणि वीज खरेदीचा खर्च ठरतो दीर्घ मुदतीच्या करारांनी. दराच्या सुनावणीत आपण पगारावर, गळतीवर, स्थिर आकारावर तावातावाने बोलतो; पण करार झालेला असेल तर त्या पंचाहत्तर रुपयांना हात लावायला आयोगालाही फारशी जागा उरत नाही.

कराराचं गणित आमच्या धंद्यातल्या लोकांना पटकन कळेल. क्लाउडवर एखादा सर्व्हर वर्षभरासाठी राखून ठेवला की वापरा किंवा न वापरा, भाडं चालूच. वीज केंद्राचंही तसंच. वीज घेतली नाही तरी केंद्र तयार होतं म्हणून स्थिर आकार द्यावा लागतो, आणि घेतली तर कोळशाचे पैसे वेगळे. समजा, १,००० मेगावॉटचं केंद्र वर्षभर ८५ टक्के क्षमतेने चाललं, तर जवळपास ७४५ कोटी युनिट होतात. करारात युनिटमागे फक्त दहा पैसे जास्त लागले तर वर्षाला ७४ कोटींहून जास्त रुपये. असे करार पुष्कळदा पंचवीस वर्षांचे असतात. दहा पैशांची ती चूक आपल्या मुलांच्या बिलापर्यंत चालत येते.

तेलंगणात याचं गाजलेलं उदाहरण छत्तीसगडच्या विजेचं. राज्य नवं होतं, विजेची टंचाई होती, आणि २०१५ मध्ये स्पर्धात्मक निविदा न काढता छत्तीसगडकडून १,००० मेगावॉट घेण्याचा करार झाला. आयोगापुढे सुनावणी झाली ती करारावर सह्या झाल्यावर. ही वीज दिसते तितकी स्वस्त पडणार नाही, असं हरकत घेणाऱ्यांनी तिथं सांगितलं होतं. पुढे थकबाकीचे वाद झाले आणि वीज येणंही थांबलं. २०२४ मध्ये नव्या सरकारने या आणि इतर वीज निर्णयांच्या चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमला. आयोगाच्या प्रमुखांवरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलैमध्ये प्रमुख बदलावे लागले. यातल्या राजकारणात मला शिरायचं नाही. टंचाईच्या काळात वीज मिळवणं हीसुद्धा सरकारची जबाबदारीच होती. पण क्रम पाहा: आधी सही, मग सुनावणी, आणि नऊ वर्षांनी चौकशी. हा क्रम उलटा असता, म्हणजे सहीआधी पूर्ण तपशील मांडून लोकांचं ऐकलं असतं, तर चौकशीची वेळ आली असती का?

दराच्या सुनावणीला सभागृह भरतं. वीज खरेदी कराराच्या सुनावणीला, गुंतवणूक आराखड्याच्या सुनावणीला मोजकी माणसं असतात. बिल ठरतं ते मात्र तिथं.

सुनावणीच झाली नाही तर?

"दरवाढ झाली नाही" ही बातमी आपल्याला नेहमी गोड लागते. तीही जरा तपासून घ्यायला हवी. २०१९ च्या जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत तेलंगणाच्या आयोगावर कोणी नेमलेलंच नव्हतं. कंपन्यांनीही काही वर्षं दराचे अर्ज दिले नाहीत. अर्ज नाही म्हणून सूचना नाही, सूचना नाही म्हणून सुनावणी नाही. दर स्थिर राहिले, पण खर्च वाढतच होता. मग २०२२ मध्ये घरगुती ग्राहकांना युनिटमागे ५० पैशांची वाढ एकदम बसली. शिवाय मागच्या वर्षांच्या तुटीपोटी २०२३ मध्ये बारा हजार कोटींहून मोठी रक्कम मान्य झाली. ती सरकारने स्वतःवर घेतली म्हणून बिलात दिसली नाही, पण सरकारचा पैसा म्हणजे शेवटी आपलाच.

असं होऊ नये म्हणून विजेच्या अपील न्यायाधिकरणाने ११ नोव्हेंबर २०११ लाच सगळ्या राज्य आयोगांना सांगून ठेवलं होतं की कंपनीने अर्ज दिला नाही तर आयोगाने स्वतःहून दराचं काम सुरू करावं. आदेश असतो, तो पाळला जातोय का हे विचारणारं कोणी लागतं.

ही व्यवस्था निर्दोष आहे असं नाही. अर्ज शेकडो पानांचे, भाषा जड, सुनावणी कामाच्या दिवशी. कायद्यात राज्य सल्लागार समिती आहे, जास्तीत जास्त २१ जणांची, तीत ग्राहकांचे प्रतिनिधीही असतात. आपल्यापैकी कितींना त्यातलं एक तरी नाव माहीत आहे? आणि कलम १०८ नुसार सरकार आयोगाला धोरणात्मक निर्देश देऊ शकतं, तेव्हा स्वातंत्र्यालाही कुंपण आहेच. तरीही रेशनपासून रस्त्यापर्यंत किती गोष्टींचा दर ठरवताना आपल्याला आधी विचारलं जातं, हे आठवून पाहिलं म्हणजे या खुर्चीची किंमत कळते.

आपल्याला काय करता येईल?

सगळं वाचायची गरज नाही. अर्जातला एकच भाग घ्यावा. घरगुती ग्राहकाने आपल्या वर्गाचा दर पाहावा, दुकानदाराने आपला, सोसायटीच्या सेक्रेटरीने सामायिक मीटरचा. आपल्यात निवृत्त इंजिनिअर आहेत, सनदी लेखापाल आहेत, बँकेतून निवृत्त झालेले काका-मावश्या आहेत. ताळेबंद वाचायची सवय असलेल्या माणसाला वीज खरेदीचा तक्ता अवघड जात नाही.

हरकत एक पानाची पुरते. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, मुद्दा, त्याला आधार असलेला आकडा आणि शेवटी मागणी. "दरवाढ रद्द करा" एवढंच लिहिलं तर उत्तरही एका ओळीचं येतं. "गेल्या वर्षी आदेशात गळती इतकी कमी करायला सांगितलं होतं, यंदा ती इतकी का आहे?" असं विचारलं तर कंपनीला आकडा द्यावा लागतो. आणि खांब, व्होल्टेज, चुकीचं बिल अशा वैयक्तिक तक्रारी इथं आणू नयेत. त्यांच्यासाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत.

हे फक्त हैदराबादपुरतं नाही. आपले नातेवाईक बेळगावात असतील तर त्यांची कंपनी हेस्कॉम आणि आयोग कर्नाटकाचा, इंदूर-ग्वाल्हेरला मध्य प्रदेशाचा, वडोदऱ्याला गुजरातचा. गोव्यात अजून सरकारचं वीज खातंच घरोघरी वीज देतं आणि दर ठरवतो गोवा व केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त आयोग, ज्याचं कार्यालय थेट गुरुग्रामला आहे. कायदा सगळीकडे एकच, खुर्चीही तीच.

माझी मंडळाला एक विनंती आहे. दिवाळी अंक, नाट्यस्पर्धा, कोजागरी हे सगळं आपण हौसेने करतो. त्यात डिसेंबर-जानेवारीतली एक रविवार सकाळ या कामाला द्यावी. चार-पाच जणांनी अर्ज आधी वाचून यावं, बाकीच्यांनी चहा घेत प्रश्न विचारावेत, आणि उठताना एक लेखी हरकत तयार असावी. त्याखाली सह्या पाच असोत की पन्नास. आयोगाच्या आदेशात नावांची यादी छापली जाते. त्या यादीत यंदा आपलीही नावं असू द्या.